कपाटावरचा डबा

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. एकदा छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात पडून होतो, तेव्हा उशाशी बसलेल्या मित्रालाही नाही – आणि त्या दिवशी वाटलं होतं, आता सांगून टाकावं. रविवारी विहारात वंदनेला बसतो, खोटं बोलणार नाही हे शील सगळ्यांबरोबर म्हणतो, आणि त्या ओळीशी आलो की माझा आवाज खाली जातो. शेजारच्याला वाटतं, याला खोकला आलाय. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि भीती वाटते म्हणून. अजूनही.

मोबाइलवर बहिणीचं नाव दिसलं की उचलायच्या आधी मनात येतं – कळलं वाटतं हिला. दर वेळी. ती विचारते, भाजी काय आणू, रविवारी जेवायला येताय ना. मी 'हो हो' म्हणतो, आणि फोन ठेवल्यावर बघतो तर तळहात ओला असतो.

प्रज्ञा माझ्याहून सात वर्षांनी लहान. आम्ही धायरीचे. अण्णा पाटबंधारे खात्यात कारकून, खडकवासल्याच्या कार्यालयात. सरकारी पेनानं घरचं पत्रसुद्धा कधी लिहिलं नाही त्यांनी. मी इंजिनीअर झालो, हिंजवडीला लागलो, कंपनीची बस नाक्यावर घ्यायला यायला लागली – तेव्हा अण्णांनी वस्तीत पेढे वाटले. पण त्यांचा खरा जीव प्रज्ञात. ती नववीत असताना महापालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये ज्युदो शिकायला गेली आणि तिथलीच झाली. कदम सर शिकवायचे. बँकेतली नोकरी सांभाळून, ठिगळं लावलेल्या गाद्यांवर, रोज संध्याकाळी. बोलणं तिरकस, पण पोरींच्या अंगाला साधं खरचटलं तरी स्वतः पट्टी बांधायचे.

सरांची एक शिस्त होती. विचारल्याशिवाय काहीही पोटात घालायचं नाही. सर्दीची गोळी नाही, खोकल्याचं औषध नाही. "तुम्हाला खोकला झाला तर देशाचं नुकसान नाही," म्हणायचे, "पण औषध घेतलंत तर तुमचं होईल." प्रज्ञा इतकी काटेकोर की ताप आला तरी सरांना फोन करून विचारायची. प्रोटीनची पूडही त्यांनीच ठरवून दिलेली, एकाच कंपनीची, पिवळ्या झाकणाचा डबा. आई रोज सकाळी दुधात दोन चमचे घालून द्यायची.

आता माझं. कंपनीनं मला आठ महिने अमेरिकेला पाठवलं होतं. परतलो तेव्हा माझं वजन अठ्ठ्याण्णव किलो. घरात माझ्या लग्नाचं चाललेलं. एका मुलीच्या आईनं चहाचा कप पुढे करत विचारलं, "बैठं काम असेल ना तुमचं?" – आणि तिसऱ्या दिवशी नकार आला. प्रज्ञा तर रोजच, "दादा, मी तुला खांद्यावरून फेकू शकते. फक्त खालच्या मजल्यावरच्यांना आधी कळवावं लागेल." सगळे हसायचे. मीही हसायचो. पण ते आत कुठंतरी रुतत होतं – इतकं की तिकडून येताना बॅगेच्या तळाशी टॉवेलात गुंडाळून आणलेली एक बरणी मी शेवटी बाहेर काढली. वजन उतरवायची पूड. नैसर्गिक वनस्पतींपासून, असं वर मोठ्या अक्षरांत. मागे बारीक अक्षरांत इशारे. त्यातला एक असा, की ज्या खेळाडूंची उत्तेजक चाचणी होते त्यांनी हे घेऊ नये. मी तो वाचला होता. मी वाचलाच नव्हता असं म्हणायची सोय मला नाही.

बरणीवर कमरेला टेप लावलेल्या बाईचं चित्र. ती घरात दिसली असती तर वर्षभर पुरेल एवढा विनोद झाला असता. म्हणून मी बरणी फेकली आणि पूड प्रज्ञाच्या एका रिकाम्या डब्यात ओतली. पिवळ्या झाकणाच्या. रंग जवळपास तसाच, वासही व्हॅनिलाचा. डबा माझ्या कपाटावर, बॅगांच्या मागे. बस. इतकंच केलं होतं मी. इथंच थांबलं असतं तर ही चूक होती – चूक कुणाच्याही हातून होते ना? पण थांबलं नाही.

त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धा पुण्यातच होती, बालेवाडीला. सुवर्णपदक मिळालं तर खेळाडूंच्या कोट्यातून पोलीस खात्यात फौजदार व्हायची संधी होती. घरात महिनाभर दुसरा विषय नव्हता. स्पर्धेच्या दिवशी मी सकाळच्या बसनं ऑफिसला गेलो, अकराला सुटून थेट स्टेडियमवर जाणार होतो. साडेनऊला आईचा फोन आला. आवाजात नुसता आनंद.

"अरे, बरं झालं तू नवा डबा आणून ठेवलास! तिचा कालच संपला, माझ्या लक्षातच नाही. म्हटलं आता काय करू. मग तुझ्या कपाटावरचा दिसला. आज चांगले तीन चमचे घातले, लढायचंय पोरीला."

मी म्हणालो, "बरं."

एवढंच. बरं.

फोन हातात होता. सरांचा नंबर त्यात होता. पहिली लढत साडेअकराला. दोन तास होते माझ्याकडे. काय विचार करत होतो मी? हेच की चाचणी होईलच कशावरून. वनस्पतींचंच तर आहे. आता सांगितलं तर तिला माघार घ्यावी लागेल, वर्ष जाईल, आणि ते माझ्यामुळे, तेही कशासाठी – तर दादाला बारीक व्हायचं होतं म्हणून. मला अण्णांचा चेहरा दिसत होता. मी नंबर काढला, पाहिला, फोन खिशात ठेवला आणि मीटिंगला जाऊन बसलो. मीटिंगमध्ये मी बोललोसुद्धा. लोकांनी माना डोलावल्या.

पुढे मी स्टेडियमवर गेलो. अण्णा आणि आई पहिल्या रांगेत. प्रज्ञा एकामागून एक लढती जिंकत होती आणि मी – हे लिहिताना हात थांबतोय – मी मनात म्हणत होतो, हरू दे. हरली तर चाचणी होणार नाही. सख्खी बहीण, अंतिम लढत, आणि तिनं पडावं म्हणून मी मुठी आवळून बसलेला. शेवटच्या मिनिटाला तिनं समोरच्या मुलीला असं काही उचललं की अख्खा हॉल उभा राहिला. पाठ टेकली. पंचांचा हात वर गेला. अण्णांनी मला मिठी मारली. मी रडत होतो. सगळ्यांना वाटलं, आनंदानं.

मग गळ्यात उत्तेजक-चाचणी पथकाचं ओळखपत्र घातलेली एक बाई प्रज्ञाशेजारी येऊन उभी राहिली. पदक घेईपर्यंत तिच्यामागून हलली नाही. नंतर दोघी एका दाराआड गेल्या. प्रज्ञा जाताना आमच्याकडे बघून हात हलवून हसली.

त्यानंतरचे आठवडे मी कसे काढले? पोस्टमनची सायकल गल्लीच्या तोंडाशी दिसली की मी आतल्या खोलीत जायचो. विहारात तिचा सत्कार झाला. अण्णा माइकवर बोलताना अडखळले आणि खाली बसले. मी टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो. कपाटावरच्या त्या डब्याला मी हातही लावला नव्हता. वाटायचं, हात लावला की खरं होईल.

पत्र रजिस्टरनं आलं. सही अण्णांनी केली. त्यांनी ते इंग्रजी पत्र बोट ठेवून ठेवून वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. नमुन्यात उत्तेजक द्रव्य सापडलं होतं. निकाल लागेपर्यंत खेळायला बंदी. त्यांनी प्रज्ञाला समोर बसवलं.

"काय घेतलंस?"

"काही नाही, अण्णा."

त्यांनी पत्राची घडी घातली आणि ते म्हणाले, "बरं. मग आपण लढू." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. का पाहतील? मी कुठला खेळाडू?

दुसऱ्या दिवशी मी तो डबा लॅपटॉपच्या बॅगेत घालून ऑफिसला नेला. बसमध्ये बॅग मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला वाटायचं, झाकण उडेल आणि सगळी पूड लोकांच्या अंगावर पडेल. पाचव्या मजल्यावरच्या संडासात मी ती ओतली. एकदा पाणी सोडून गेली नाही, फेस येऊन वर तरंगत राहिली. बाहेर कुणीतरी दार वाजवत होतं. चार वेळा पाणी सोडलं. डबा धुतला, पुसला. येताना टिळक रस्त्यावरच्या दुकानातून त्याच कंपनीचं खरं प्रोटीन घेतलं आणि आधी जिथवर पूड होती तिथवर चमच्यानं मोजून भरलं. डबा पुन्हा कपाटावर, बॅगांच्या मागे.

हे का केलं, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. वाटलं, पुरावा गेला की गोष्ट गेली. मला कुठं ठाऊक होतं की तो पुरावा प्रज्ञाच्या बाजूचा होता?

ते वकिलानं सांगितलं. ओळखीतून मीच शोधला होता त्याला. तो समजावून सांगत होता – शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूची. ते कसं गेलं हे सिद्ध करायचं कामही खेळाडूचंच. सिद्ध करता आलं, आणि फारशी चूक नव्हती असं दिसलं, तर शिक्षा पुष्कळ कमी होते, कधी नुसत्या ताकिदीवर भागतं. नाही करता आलं, तर दोन वर्षं बंदी.

आई एकदम म्हणाली, "डबे आहेत की घरी! तिचा रिकामा आणि ह्यानं आणलेला. दोन्ही तपासा."

प्रज्ञाचा चेहरा उजळला. पत्र आल्यापासून पहिल्यांदा. "दादा, चालेल ना?" तिनं मला विचारलं.

तेव्हा सांगता आलं असतं. तेव्हाही. वकील समोर होता, बरणीवरचं नाव मला आठवत होतं, तशीच दुसरी मागवता आली असती. पण आता एकच गोष्ट सांगून भागणार नव्हतं. फोन खिशात ठेवला, पूड ओतून दिली, डबा भरून ठेवला – सगळंच सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "चालेल की." डबे मीच खोक्यात भरले. चिकटपट्टीही मीच लावली.

दोन दिवसांनी आईनं मला स्वयंपाकघरात हाक मारली. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या डब्यात दुसरं काही नव्हतं ना रे?"

"आई, तूपण काय! तिचंच प्रोटीन होतं. मीच आणलेलं."

"तसं नाही. वास जरा उग्र वाटला होता."

"नवा डबा होता म्हणून."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. तिनं मला पुन्हा कधीच विचारलं नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत मला अन्न गेलं नाही. डबा नीट धुतला गेला नसेल तर? पत्र्याच्या कडेला कण राहिला असेल तर? अहवाल आला. दोन्ही डब्यांत काही सापडलं नाही. प्रज्ञा जिन्यात बसून रडली. आणि मी? तुम्हाला खरं सांगतो – मला सुटल्यासारखं झालं. त्या दिवशी मी पोटभर जेवलो. आईनं दुसऱ्यांदा भात वाढला आणि मी तोही संपवला.

वाटत असेल, संपलं. नाही. वकील म्हणाला, दुसरा काही मार्ग सापडतो का बघा. आम्ही सगळे बसलो होतो. कुणाला काही सुचत नव्हतं. त्या शांततेत मला भीती वाटली की आता कुणीतरी पुन्हा डब्याकडे वळेल. आणि मी म्हणालो – कुणी विचारलं नव्हतं, मीच म्हणालो – "त्या दिवशी मॅटच्या बाजूला पाणी कोण देत होतं?"

प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं. तिला कळायला वेळ लागला. मग हळूच म्हणाली, "सर."

दिल्लीला सुनावणी झाली. समोर तिघे – एक वकील, एक डॉक्टर, एक जुनी खेळाडू. माणसं वाईट नव्हती. त्या बाईंनी तर प्रज्ञाला पाणी दिलं. त्यांनी विचारलं, लढतींच्या मध्ये काय घेतलं? प्रज्ञा म्हणाली, सरांनी ग्लुकोजचं पाणी दिलं होतं. आरोप नव्हता केला तिनं. पण पुण्याला पोचेपर्यंत त्याचा आरोप झाला होता. मलाही बोलावलं. घरात आणखी कुणी कसली पूड, औषधं घेतं का? मी म्हणालो, "नाही." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. तोवर मी सात किलोंनी उतरलो होतो. अंगावरचा शर्ट ढगळ झाला होता. ते पुढच्या कागदाकडे वळले.

दोन वर्षं. पूर्ण. पदक परत. फौजदारकी गेली. आणि दोन वर्षं म्हणजे नुसत्या स्पर्धा नाहीत, हे आम्हाला नंतर कळलं. संघटनेच्या कुठल्याही क्लबात पाऊल ठेवायचं नाही, नोंदणी असलेल्या कुणाबरोबर सराव करायचा नाही. ज्युदो एकट्यानं कसा खेळणार? ती गच्चीवर दोरीला बांधलेल्या जुन्या रबरी ट्यूबशी ओढाओढ करायची. वस्तीतल्या बायका आईला विचारायच्या, "खरंच घेतलं होतं का हो तिनं?"

सरांच्या वर्गातल्या मुली एकेक करून कमी झाल्या. कुठल्या आईबापानं पाठवावं? मग शाळेनं हॉल काढून घेतला. सर एकदाच घरी आले. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, खुर्चीच्या कडेला बसले.

"प्रज्ञा, मी तुला पाणीच दिलं होतं," ते म्हणाले. "दुसरं काही द्यायची आपली ऐपत नव्हती, हे तुला माहीत आहे."

प्रज्ञा खाली मान घालून रडत राहिली. मी सरांना चहा दिला. त्यांनी तो सगळा घेतला, कप बशीवर ठेवला, मला "थँक यू" म्हणाले आणि गेले. पुढे ते मुलाकडे नगरला राहायला गेले. तिथंच वारले, असं कुणीतरी सांगितलं. प्रज्ञा अंत्यविधीला गेली नाही. कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणाली. तिनं.

आई आता नाही. शेवटच्या आजारपणात ती प्रज्ञाचा हात धरून एकच म्हणायची – मी दुधाचं भांडं नीट घासलं नसेल गं. प्रज्ञा तिला समजावायची. मी खोलीतच होतो. दोघींपासून चार हातांवर.

बंदी संपल्यावर प्रज्ञा एका निवड चाचणीला गेली. पहिल्याच लढतीत हरली. घरी येऊन मला म्हणाली, "दादा, दोन वर्षं मला कुणी धरलंच नाही ना. समोरचीनं धरलं की काय करायचं तेच विसरले मी." त्यानंतर ती मॅटवर उतरली नाही. हिंजवडीतच एका कंपनीत फोनवर तक्रारी ऐकायच्या कामाला लागली, वर्षभर आम्ही एकाच बसनं जात होतो. पुढे तिनं शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केला. आज ती एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. लग्न झालं, एक मुलगी आहे. सुखी आहे का? मला विचारायची हिंमत नाही.

माझं लग्न बंदी आली त्याच वर्षी ठरलं. पुढे बढत्या मिळाल्या, दोनदा पुन्हा परदेशी जाऊन आलो. अण्णा थकलेत. त्यांना अजून वाटतं, कुणीतरी बाहेरच्यानं दावा साधला.

गेल्या महिन्यात प्रज्ञाच्या शाळेत खेळाडू मुलींसाठी कार्यक्रम होता. तिनं मला आग्रहानं बोलावलं, पुढच्या रांगेत बसवलं. ती उभी राहिली आणि पहिल्यांदाच, चारशे मुलींसमोर, तिनं स्वतःची गोष्ट सांगितली. लपवाछपवी न करता. म्हणाली, माझ्यावर दोन वर्षं बंदी होती. ते माझ्या शरीरात कसं गेलं, मला आजही माहीत नाही. मी माझ्या सरांवर संशय घेतला, ते माझ्या हातून वाईट झालं, त्याची मला लाज वाटते. त्या काळात माझ्या पाठीशी एकच माणूस कायम उभा राहिला, माझ्यासाठी वकील शोधला, दिल्लीपर्यंत आला, माझ्या बाजूनं साक्ष दिली – आणि तिनं माझ्याकडे हात केला. "माझा दादा."

चारशे मुली माना वळवून माझ्याकडे बघायला लागल्या. मला वाटलं, आता कुणीतरी उठेल आणि ओरडेल. कुणी उठलं नाही. मुख्याध्यापिका बाईंनी हसून खूण केली. मी उभा राहिलो, हात जोडले. टाळ्या थांबेपर्यंत तसाच उभा होतो.